व्हिडिओ संपादनासाठी मॉनिटर : मर्यादित खर्चात निवड कशी करावी?

लग्नसमारंभांचे चित्रण करणारे व्यावसायिक, यूट्यूब वाहिन्या चालवणारे तरुण, वृत्तवाहिन्यांना चित्रफिती पुरवणारे वार्ताहर, लघुपट करणारे विद्यार्थी अशा अनेकांसाठी व्हिडिओ संपादन हे आज उपजीविकेचे साधन आहे. डाव्हिन्ची रिझॉल्व्हसारख्या संपादन प्रणालीची मोफत आवृत्ती उपलब्ध असल्याने सॉफ्टवेअरवरील खर्च टाळता येतो. कॅमेरा आणि संगणकासाठी कर्जही काढले जाते. मॉनिटरची निवड मात्र बहुधा शेवटी आणि उरलेल्या पैशांतून होते. वास्तविक चित्राचे रंग, उजेड आणि सावल्या यांविषयीचा प्रत्येक निर्णय संपादक पडद्याकडे पाहूनच घेत असतो. पडदा चुकीचे रंग दाखवत असेल, तर संपादक चूक नसलेल्या ठिकाणी दुरुस्ती करतो. हळदीच्या कार्यक्रमात वधूचा चेहरा आजारी दिसतो, लाल शालू केशरी होतो आणि काम ग्राहकाकडून परत येते. मोठी रक्कम न गुंतवता हा धोका कसा कमी करता येईल, याचा हा आढावा.

रंगांची व्याप्ती आणि अचूकता

मॉनिटर किती रंग दाखवू शकतो, हे ‘कलर गॅमट’ म्हणजे रंगव्याप्तीवरून ठरते. महाजालावरील चित्रांसाठी ‘एसआरजीबी’ हे मानक १९९६ मध्ये मांडले गेले आणि १९९९ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. एचडी दूरचित्रवाणीसाठी ‘रेक. ७०९’ हे मानक आहे. या दोन्हींचे मूळ लाल, हिरवा व निळा रंग सारखेच आहेत. यूट्यूब, समाजमाध्यमे, दूरचित्रवाणी आणि लग्नाच्या चित्रफिती यांचे बहुतांश काम आजही याच मर्यादेत होते. त्यामुळे कमी खर्चात मॉनिटर घेताना ‘एसआरजीबी १०० टक्के’ किंवा त्याच्या अगदी जवळ, ही पहिली अट असावी.

विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत अनेकदा ‘७२ टक्के एनटीएससी’ असा उल्लेख असतो. एनटीएससी हे १९५३ चे जुने अमेरिकी मानक होय. त्याच्या ७२ टक्के क्षेत्रफळ हे ढोबळमानाने एसआरजीबीएवढे भरते. स्वस्त लॅपटॉपच्या पडद्यांवर आढळणारे ‘४५ टक्के एनटीएससी’ हे प्रमाण रंगाच्या कामासाठी अपुरे आहे. अशा पडद्यावर लाल व हिरवे रंग फिके दिसतात. संपादक ते गडद करतो आणि इतरत्र तीच चित्रफीत भडक दिसते.

याउलट चित्रपटगृहांसाठीची ‘डीसीआय-पी३’ ही व्याप्ती एसआरजीबीपेक्षा सुमारे पाव पटीने मोठी आहे. मोठी व्याप्ती नेहमीच हिताची असते, असे नाही. अशा मॉनिटरवर योग्य रंगव्यवस्थापन नसेल, तर साधी चित्रफीतही गरजेपेक्षा भडक दिसते. मग संपादक रंग उतरवतो आणि प्रेक्षकाच्या मोबाइलवर चित्र निस्तेज होते. म्हणून व्यापक रंगांचा मॉनिटर घ्यायचा असल्यास त्यात स्वतंत्र ‘एसआरजीबी मोड’ आहे का आणि त्या मोडमध्ये ब्राइटनेस बदलता येतो का, हे तपासावे. काही मॉनिटरमध्ये हा मोड सुरू करताच ब्राइटनेसचे नियंत्रण बंद होते.

व्याप्तीइतकीच अचूकताही महत्त्वाची असते. ती ‘डेल्टा ई’ या अंकाने सांगितली जाते. अपेक्षित आणि प्रत्यक्ष दिसणाऱ्या रंगांतील फरक म्हणजे डेल्टा ई. तो २ पेक्षा कमी असल्यास फरक डोळ्यांना सहसा जाणवत नाही. काही कंपन्या कारखान्यातच रंगजुळणी करून त्याचा अहवाल मॉनिटरसोबत देतात. असूसच्या प्रोआर्ट श्रेणीतील २७ इंची ‘पीए२७८क्यूव्ही’ हे याचे एक उदाहरण. त्यात १०० टक्के एसआरजीबी आणि डेल्टा ई २ पेक्षा कमी, असा कंपनीचा दावा आहे. बेनक्यू, डेल, एलजी आदी कंपन्यांच्याही अशा श्रेणी आहेत.

पॅनेल आणि बिट

बाजारात प्रामुख्याने टीएन, व्हीए आणि आयपीएस हे तीन प्रकारचे एलसीडी पॅनेल आढळतात. टीएन पॅनेलवर मान थोडी हलवली तरी रंग बदलतात. त्यामुळे ते संपादनासाठी टाळावे. व्हीए पॅनेलवर काळा रंग अधिक गडद दिसतो. त्याचे कॉन्ट्रास्ट प्रमाण साधारण ३०००:१ असते. मात्र बाजूने पाहिल्यास सावल्यांतील छटा बदलतात आणि वेगवान दृश्यांत गडद भाग ओघळल्यासारखे वाटतात. आयपीएस पॅनेलचे कॉन्ट्रास्ट साधारण १०००:१ म्हणजे कमी असले, तरी कोणत्याही कोनातून रंग जवळपास सारखे दिसतात. ग्राहकाला शेजारी बसवून काम दाखवावे लागणाऱ्या संपादकासाठी आयपीएस हाच व्यवहार्य पर्याय आहे.

पडदा प्रत्येक मूळ रंगाच्या किती पायऱ्या दाखवतो, हे बिटवरून कळते. आठ बिटच्या पडद्यावर प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, म्हणजे एकूण सुमारे १.६७ कोटी रंग दिसतात. दहा बिटमध्ये हीच संख्या १०७ कोटींवर जाते. स्वस्त पडदे प्रत्यक्षात सहा बिटचे असून लागोपाठच्या छटा वेगाने आलटूनपालटून दाखवत आठ बिटचा आभास निर्माण करतात. या पद्धतीला ‘एफआरसी’ म्हणतात. निरभ्र आकाश किंवा भिंतीवरील प्रकाशाचा उतार अशा दृश्यांत पट्टे दिसू लागले, तर दोष चित्रणाचा की पडद्याचा, हे मग कळत नाही. मर्यादित खर्चात खरे आठ बिट पुरेसे मानावे.

आकार आणि रिझोल्यूशन

फुल एचडी म्हणजे १९२० × १०८० पिक्सेल. २४ इंची पडद्यावर ते प्रतिइंच सुमारे ९२ पिक्सेल होतात आणि अक्षरे स्वच्छ दिसतात. तेच रिझोल्यूशन २७ इंचांवर पसरल्यास घनता सुमारे ८२ पर्यंत घसरते. त्यामुळे २७ इंची फुल एचडी पडदा टाळणे बरे. २७ इंचांसाठी २५६० × १४४० हे रिझोल्यूशन योग्य ठरते. त्यात टाइमलाइन, क्लिपांची यादी आणि चित्राची चौकट शेजारी शेजारी मावतात.

४के म्हणजे ३८४० × २१६०, अर्थात सुमारे ८३ लाख पिक्सेल. ४के चित्रण संपादित करण्यासाठी ४के मॉनिटर असलाच पाहिजे, हा समज बरोबर नाही. रंग, लय आणि कापणी यांचे निर्णय कमी रिझोल्यूशनवरही होतात. फोकस तपासायचा असेल, तेव्हा चित्र मोठे करून पाहता येते. दोन मॉनिटरची किंमत सारखी असेल आणि एकात ४के पण सुमार रंग, तर दुसऱ्यात १४४० आणि अचूक रंग असतील, तर दुसरा घ्यावा.

कोणत्या गोष्टींवर पैसे खर्चू नयेत?

खेळांसाठीच्या मॉनिटरचा १४४ हर्ट्झ किंवा त्याहून अधिक रिफ्रेश रेट संपादनासाठी आवश्यक नाही. भारतीय दूरचित्रवाणीचे चित्र सेकंदाला २५ चौकटींचे असते. ६० हर्ट्झच्या पडद्यावर ते समान भागले जात नाही आणि कॅमेरा आडवा फिरताना चित्र किंचित अडखळते. मॉनिटरला ५० किंवा १०० हर्ट्झ चालत असेल, तर सेटिंगमध्ये तेवढा बदल करून हा दोष विनाखर्च टाळता येतो.

‘एचडीआर’ या शिक्क्याबाबतही सावध राहावे. अनेक स्वस्त मॉनिटर एचडीआर संकेत केवळ स्वीकारतात. तो दाखवण्याइतका प्रकाश त्यांच्यात नसतो. ‘डिस्प्लेएचडीआर ४००’ या प्राथमिक प्रमाणपत्रासाठी ४०० निट कमाल प्रकाश पुरतो, तर एचडीआर रंगसंस्कारासाठीचे व्यावसायिक मॉनिटर १००० निटपर्यंत जातात आणि त्यांची किंमत काही लाखांत असते. मर्यादित खर्चात एचडीआरचा विचार बाजूला ठेवणे श्रेयस्कर.

स्वस्त ४के टीव्ही मॉनिटर म्हणून वापरण्याचा मोहही अनेकांना होतो. टीव्ही चित्र परस्पर धारदार व भडक करतो, कधी कडा कापतो आणि रंगांची माहिती कमी करून दाखवतो. टीव्हीचा उपयोग पूर्ण झालेले काम घरातल्या पडद्यावर कसे दिसेल, हे पाहण्यापुरता करावा.

जोडणी तपासणे मात्र आवश्यक आहे. संगणकात एचडीएमआय १.४ असल्यास ४के चित्र ३० हर्ट्झवरच अडकते. ६० हर्ट्झसाठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ लागते.

कॅलिब्रेशन आणि खोलीतील प्रकाश

चांगला मॉनिटरही कालांतराने रंग बदलतो. त्याची दुरुस्ती करण्यासाठी पडद्यावर ठेवण्याचे रंगमापक उपकरण मिळते. डेटाकलरचे स्पायडर किंवा कॅलिब्राइटची उपकरणे त्यासाठी वापरली जातात. डिस्प्लेकॅल हे सॉफ्टवेअर मोफत आहे. एकट्याला उपकरण परवडत नसेल, तर गावातील चार-पाच संपादकांनी मिळून घेणे शक्य आहे. ते रोज लागत नाही. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा वापरले तरी पुरते.

पांढऱ्या रंगाचे तापमान ६५०० केल्विन आणि प्रकाश १०० ते १२० निटच्या आसपास ठेवावा. महाजालासाठीच्या कामात गॅमा २.२ ठेवतात. दूरचित्रवाणीसाठी अंधूक खोलीत तो २.४ असतो. रात्री पडदा पिवळसर करणारी सोय आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद ठेवावे. मॉनिटर सुरू केल्यावर अर्ध्या तासाने रंगाचे काम हाती घ्यावे. खिडकीचे ऊन पडद्यावर येऊ देऊ नये आणि मागची भिंत शक्यतो करड्या किंवा फिक्या, रंगहीन छटेची असावी. या गोष्टींना जवळपास काही खर्च येत नाही. त्या न पाळल्यास मात्र महागडा पडदाही उपयोगी पडत नाही.

खरेदी करताना

दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळूरचा एस. पी. रोड किंवा चेन्नईची रिची स्ट्रीट अशा बाजारांत पडदा प्रत्यक्ष पाहता येतो. सोबत पेन ड्राइव्हवर स्वतःची ओळखीची चित्रफीत, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या छटांचा पट्टा आणि पूर्ण काळे, पांढरे, लाल, हिरवे व निळे चित्र न्यावे. करड्या पट्ट्यात रंगाची झाक दिसू नये. काळ्या चित्रात कोपरे फार उजळू नयेत. एकरंगी चित्रांत मृत पिक्सेल लगेच नजरेस येतात. किती मृत पिक्सेलपर्यंत कंपनी पडदा बदलून देत नाही, हे प्रत्येक कंपनीच्या वॉरंटीत वेगळे असते. ते खरेदीपूर्वीच विचारावे.

मॉनिटरवर भारतीय मानक ब्यूरोच्या सक्तीच्या नोंदणीचे चिन्ह व ‘आर’ क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ ॲपवर तो पडताळता येतो. ३२ इंचांपेक्षा मोठ्या मॉनिटरवर पूर्वी २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला आहे. पक्के बिल घ्यावे. वॉरंटी नाकारली गेल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करता येते.

खर्चाचा क्रम

रक्कम अगदी कमी असेल, तर २४ इंची, फुल एचडी, आयपीएस आणि पूर्ण एसआरजीबी मॉनिटर घ्यावा. थोडी अधिक असेल, तर २७ इंची १४४० रिझोल्यूशनचा, कारखान्यात रंग जुळवलेला मॉनिटर घ्यावा. त्याहून अधिक पैसे उरल्यास ते आधी रंगमापक उपकरणावर आणि नंतरच ४के पडद्यावर खर्च करावेत. जुना मॉनिटर फेकू नये. टाइमलाइन व क्लिपांची यादी त्यावर ठेवून नवा पडदा केवळ चित्रासाठी राखता येतो.

काम सुपूर्द करण्यापूर्वी ते एकदा साध्या मोबाइलवर आणि एकदा घरच्या टीव्हीवर पाहावे. तिन्ही पडद्यांवर रंग तंतोतंत सारखे दिसणार नाहीत. पण चेहरा सगळीकडे चेहऱ्यासारखा दिसत असेल, तर मॉनिटरवर विश्वास ठेवून पुढचे काम हाती घेण्यास हरकत नाही.