खुणेचा वारसा

संगणकाच्या आज्ञावलीतील चुका शोधण्यासाठी डीबगर नावाचे साधन वापरतात. डीबगर हीदेखील शेवटी एक आज्ञावलीच; तेव्हा तिच्यातही चुका निघतात. त्यांपैकी एका चुकीचा इतिहास पाहण्यासारखा आहे. तिच्यामुळे निर्दोष आज्ञावली दोषी ठरत असे, आणि ती सुधारताना दुसरी चूक होण्याचा धोका होता.

प्रथम ‘फोर्क’ म्हणजे काय ते पाहू. रस्त्याला फाटा फुटावा तसा चालू आज्ञावलीला फाटा फुटतो, म्हणून हे नाव. मेल्विन कॉनवे यांनी १९६३ मध्ये एका शोधनिबंधात ही कल्पना मांडली. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीची सुरुवात केली, तेव्हा तिने ही कल्पना उचलली. पीडीपी-७ या छोट्या संगणकावरील फोर्क असेंब्ली भाषेच्या अवघ्या २७ ओळींत बसला, असे रिची यांनी नोंदवले आहे. चालू काम तात्पुरते डिस्कवर लिहून ठेवण्याची सोय त्या यंत्रावर आधीच होती. डिस्कवर एक प्रत आणि स्मृतीत दुसरी, अशा दोन प्रती त्यामुळे सहज मिळाल्या.

चालू असलेल्या आज्ञावलीला ‘प्रक्रिया’ म्हणतात. फोर्कनंतर मातृ-प्रक्रिया आणि अपत्य-प्रक्रिया जवळजवळ तंतोतंत सारख्या असतात. दोघी एकाच जागेवरून पुढे निघतात. आपण कोण हे त्या एका आकड्यावरून ओळखतात: मातेला फोर्ककडून अपत्याचा क्रमांक मिळतो आणि अपत्याला शून्य मिळते.

आता डीबगरकडे वळू. आज्ञावली एखाद्या ठिकाणी थांबवायची असेल तर डीबगर तेथील मूळ आज्ञा स्वतःजवळ जपून ठेवतो आणि तिच्या जागी ‘सापळा’ ही खास आज्ञा लिहितो. इंटेलच्या ८०८६ कुळातील प्रक्रियकांवर ही आज्ञा एका बाइटची असून तिचे मूल्य २०४ आहे. सापळा लागताच प्रणाली प्रक्रियेकडे एक संकेत पाठवते. प्रक्रियेवर डीबगरची देखरेख असेल तर हा संकेत आधी डीबगरला कळतो. तो प्रक्रिया थांबवतो आणि आपल्याला आतली स्थिती दाखवतो. देखरेख नसेल आणि प्रक्रियेने स्वतः काही तजवीज केली नसेल, तर ती तेथेच संपते. अशा देखरेखीसाठी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत (१९७५) ‘पी-ट्रेस’ ही सोय आली.

फोर्क आणि सापळा या दोन्ही गोष्टी आपापल्या जागी बरोबर आहेत. अडचण त्या एकत्र आल्यावर होते. फोर्क मातेच्या स्मृतीची प्रत काढतो, आणि त्या प्रतीत सापळेही येतात. देखरेख मात्र वारशाने मिळत नाही. पुस्तकात पेन्सिलीने केलेली खूण झेरॉक्स प्रतीतही उमटते, पण ती का केली हे सांगणारा माणूस प्रतीबरोबर जात नाही, तसेच हे आहे. अपत्य सापळ्यावर पाऊल ठेवते आणि मरते. डीबगरशिवाय चालवल्यास तीच आज्ञावली व्यवस्थित चालते! आज्ञावली लिहिणारा मग स्वतःच्या ओळींत नसलेली चूक शोधत बसतो.

१९८६ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जीडीबी हा डीबगर लिहिला. त्याच्या माहितीपुस्तिकेत हा धोका स्पष्ट सांगितला होता आणि एक तोडगाही दिला होता. अपत्याच्या वाटेवर सुरुवातीलाच काही काळ झोपण्याची आज्ञा घालावी; ते झोपलेले असताना त्याचा क्रमांक शोधून त्याला डीबगर जोडावा. मूळ दोष मात्र तसाच होता. अपत्य कधी जन्मले हेच डीबगरला कळत नसेल, तर त्याने सापळे काढायचे केव्हा?

हे प्रणालीनेच सांगायला हवे होते. एचपी-यूएक्सवर जीडीबीला फोर्कचा माग घेता येऊ लागला. लिनक्सच्या २.५.४६ या आवृत्तीत (२००२) पी-ट्रेसला नवी जोड मिळाली. फोर्क होताच डीबगरला अपत्याच्या क्रमांकासह वर्दी मिळते, आणि अपत्य देखरेखीखाली, थांबलेल्या स्थितीतच जन्मते. डीबगर त्याच्या प्रतीतले सापळे काढून मूळ आज्ञा परत ठेवतो आणि मग त्याला सोडतो. हवे असल्यास मातेला सोडून अपत्याचाच पाठपुरावा करता येतो.

एवढ्याने काम संपले नाही. बर्कली येथील युनिक्समध्ये १९७९ मध्ये ‘व्ही-फोर्क’ आला होता. संपूर्ण स्मृतीची प्रत काढण्याचा खर्च वाचावा म्हणून येथे अपत्य मातेचीच स्मृती उसनी घेते. ते नवी आज्ञावली सुरू करीपर्यंत किंवा संपेपर्यंत माता थांबून राहते. आता वरचा उपाय येथे लावून पाहा. अपत्यासाठी सापळे काढले की ते मातेच्याही स्मृतीतून जातात, कारण स्मृती एकच आहे. अपत्य वाचते, पण पुढे माता अपेक्षित जागी थांबतच नाही. म्हणून उसनवारी संपल्याचीही वर्दी लागते. तोवर डीबगर सापळे काढून ठेवतो आणि वर्दी मिळाली की पुन्हा बसवतो.

तापमापी पाण्यात बुडवली की ती पाण्याची थोडी उष्णता घेते, हे आपण वर्गात शिकवतो. डीबगरही ज्याची तपासणी करतो त्यात स्वतःची खूण सोडतो. ती खूण कोठे आहे, याबरोबरच तिच्या प्रती कोठे गेल्या आणि कोणती प्रत खरोखर वेगळी आहे, याचाही हिशेब ठेवावा लागतो. विद्यार्थ्यांना हे समजावण्यासाठी दोन वह्या पुरतात. फळ्यावरची एक खूण दोघांनी आपापल्या वहीत उतरवावी; मग एकाने ती खोडावी. नंतर हाच प्रयोग दोघांत एकच वही घेऊन करावा. दुसऱ्या वेळी काय बिघडले, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्यावे.