न झिजलेल्या सायकली

अमेरिकेत १९७०च्या दशकातल्या दहा गिअरांच्या सायकली आजही विकायला येतात आणि त्यांच्या जाहिरातींत एक गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगितलेली असते: सायकल मूळ अवस्थेत आहे. रंग उडालेला नाही, सीटवर सुरकुती नाही, हँडलावर गुंडाळलेली फीत सुटलेली नाही. क्वचित टायरही कारखान्यातून आलेलेच असतात आणि साच्यातून निघताना राहिलेले रबराचे बारीक केस त्यांच्यावर अजून शाबूत असतात. संग्राहक अशा वर्णनाने हरखून जातो. आम्हांस मात्र तिच्या पहिल्या मालकाविषयी कुतूहल वाटते. पन्नास वर्षांत ज्या टायरचे केसही झिजले नाहीत ती सायकल कितीशी चालली असेल? फार तर गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत.

उरलेल्या वस्तूंवरून गतकाळाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला या अडचणीला नेहमीच तोंड द्यावे लागते. जी सायकल माणसाला मानवली ती रोज रस्त्यावर आली, पावसात भिजली, तिचे टायर बदलले, चेन बदलली, आणि शेवटी ती भंगारात गेली. आपल्याकडे दूधवाल्यांनी आणि पोस्टमननी वापरलेल्या काळ्या सायकलींची हीच गत झाली. त्यांतली कारखान्यातून आली तशीच राहिलेली एखादी शोधून काढणे महाकठीण. उलट जिने मालकाची निराशा केली ती कोरड्या जागी भिंतीला टांगून राहिली आणि आज ‘दुर्मीळ, उत्तम स्थितीत’ म्हणून आपल्यासमोर येते. तेव्हा जुन्या सायकलींचे संग्रह पाहताना त्यांत आवडत्या सायकली किती आणि नावडत्या किती, हा प्रश्न मनात जागा ठेवलेला बरा.

दहा गिअरांच्या सायकलीची गोष्ट सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण ती निराशा फार मोठ्या प्रमाणावर घडली. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर सायकल ही मुख्यतः मुलांची वस्तू होती: जाड टायर, रुंद सीट, उंच हँडल, आणि पेडल उलटे दाबले की लागणारा ब्रेक. मूल मोठे झाले, मोटार चालवू लागले, की सायकल सुटली. १९७०च्या सुमारास हे चित्र पालटले. युद्धोत्तर काळात जन्मलेली प्रचंड पिढी ऐन विशीत होती. प्रदूषणाविषयीची जाणीव वाढत होती (पहिला वसुंधरा दिन १९७० सालचा). व्यायामाचे महत्त्व डॉक्टर सांगू लागले होते. १९७२ साली अमेरिकेत सुमारे १ कोटी ३९ लाख सायकली विकल्या गेल्या, १९७३ साली १ कोटी ५२ लाख, १९७४ साली १ कोटी ४१ लाख. या तिन्ही वर्षांत तिथे मोटारींपेक्षा सायकली अधिक खपल्या. १९७३च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखले, त्याचाही हातभार लागला. पण लाट त्याच्या आधीच उसळलेली होती. मग १९७५ साली विक्री एकदम निम्म्यावर आली.

या पडझडीची आर्थिक कारणे आहेतच. मंदी होती, आणि ज्याला सायकल हवी होती त्याने ती घेऊन झाली होती. पण सायकल ज्याला आवडते तो दुसरी घेतो, बायकोसाठी घेतो, शेजाऱ्याला घ्यायला लावतो. ते फारसे झाले नाही. का झाले नाही, याचे उत्तर आमच्या मते त्या सायकलीच्या घडणीतच सापडते.

प्रौढ माणूस दुकानात गेला की त्याच्यासमोर येई ती खाली वळलेल्या हँडलाची, अरुंद सीटची, दहा गिअरांची सायकल. तिचे रूप युरोपातल्या शर्यतींच्या सायकलींचे होते. एडी मर्क्स या बेल्जियन सायकलपटूने १९६९ ते १९७२ अशी सलग चार वर्षे ‘टूर द फ्रान्स’ जिंकली होती. १९७२ साली मेक्सिको सिटीत त्याने एका तासात ४९ किलोमीटर ४३१ मीटर अंतर कापून विक्रम केला. त्या विक्रमाची सायकल जेमतेम पावणेसहा किलोंची होती. शिकागोच्या श्विन कंपनीची ‘व्हार्सिटी’ ही अमेरिकेतली बहुधा सर्वांत परिचित दहा गिअरांची सायकल. कंपनी तिची गणना हलक्या सायकलींत करी आणि तिचे वजन १८ किलोंच्या आसपास भरे. लांबून पाहिले तर दोन्हींची बाह्यरेषा सारखीच.

वजन एक वेळ सोडून देऊ. मजबूतपणाच्या बाबतीत व्हार्सिटीला नावे ठेवता येत नाहीत. खरा घोटाळा बसण्याच्या ढंगात होता. शर्यतीतला माणूस पुढे वाकून बसतो तेव्हा त्याच्या शरीराचा भार हातांवर किंवा सीटवर फारसा राहत नाही. तो पेडलांवर इतका जोर देत असतो की त्या जोरानेच त्याचे धड उचलून धरले जाते. तोच ढंग कार्यालयात दिवसभर बसणाऱ्या माणसाने घेतला आणि तो सावकाश पेडल मारू लागला, की सगळा भार मनगटांवर, मानेवर आणि नको तिथे येतो. अरुंद सीट ही शर्यतवाल्यासाठी टेकण्याची जागा आहे. सावकाश जाणाऱ्यासाठी ती बसण्याची जागा होते आणि अर्ध्या तासात शिक्षा वाटू लागते. म्हणजे ही सायकल सुखकर व्हायला आधी वेगाने जाता यायला हवे होते, आणि वेगाने जायला लागणारा सराव होण्याइतका वेळ तिच्यावर बसवत नव्हते.

गिअरांची कथा तर अधिकच उद्बोधक आहे. पुढे दोन दातेरी चकत्या आणि मागे पाच, मिळून दहा, हे गणित जाहिरातीत फार शोभून दिसे. पुढच्या चकत्यांना ५२ आणि ४० दाते, मागच्यांना १४, १७, २०, २४ आणि २८, अशी एक त्या काळच्या धाटणीची जुळणी घेऊ. या दहा जोड्या जड ते हलक्या अशा ओळीने लावून पाहिल्या तर गंमत दिसते. ५२-२० नंतरचा गिअर ४०-१७, त्यानंतरचा ५२-२४, त्यानंतरचा ४०-२०. म्हणजे मधल्या टप्प्यात प्रत्येक पायरी उतरताना पुढे आणि मागे, दोन्हीकडे चेन एकाच वेळी हलवायला हवी, तीही अशा दोन दांड्यांनी, ज्यांना ठरलेल्या खाचाच नव्हत्या. दांडा किती ओढायचा हे कानाने ओळखायचे. जरा कमी ओढला तर खडखड, जास्त ओढला तर चेन पडलीच. त्यात टोकाच्या दोन जोड्यांत चेन इतकी तिरकी चाले की त्या वापरूच नयेत असे जाणकार सांगत. सामान्य मालक दोन-चार दिवस झगडून एखाद्या मधल्या गिअरवर सायकल ठेवून देई आणि पुन्हा त्या दांड्यांना हात लावत नसे. चढ आला की सर्वांत हलका गिअरही त्याला जडच जाई, कारण ४० आणि २८ दात्यांची जोडी सरावलेल्या पायांसाठी योजलेली होती. काही फ्रेंच सायकलींचे गिअर बदलणारे यंत्र प्लॅस्टिकचे होते आणि ते मोडे, हा आणखी एक ताप.

राहता राहिले ब्रेक. स्वस्त सायकलींच्या रिमा पोलादी, वर चकचकीत क्रोमचा मुलामा. कोरड्यात ठीक; पण पाऊस पडला की रबर त्या गुळगुळीत धातूवर नुसते घसरे आणि ब्रेक लागतो की नाही याचा भरवसा राहत नसे. शिवाय हँडलाच्या वळलेल्या भागाला हात नेल्याशिवाय ब्रेकचा दांडा हाती येईना, आणि नवखा माणूस तर तिथे हात न्यायलाच घाबरे. म्हणून कंपन्यांनी ब्रेकला आडवे जोडदांडे लावले, म्हणजे हँडलाचा वरचा भाग धरूनही ते दाबता यावेत. पण जोडदांड्याची ओढ अपुरी. अनुभवी सायकलस्वारांनी त्यांना ‘आत्मघातकी दांडे’ असे नाव दिले. विकत घेणाऱ्याला हँडलाचा तो आकार पेलणार नाही हे बनवणाऱ्यांना पुरते ठाऊक होते, याचा त्या दांड्यांहून ठळक पुरावा आम्हांस दुसरा दिसत नाही. तरी हँडल बदलले नाही, दांडे वाढवले.

मालकांनी आपापल्या परीने उपाय केले. त्यांतला सर्वांत बोलका म्हणजे हँडल सोडून ते उलटे बसवणे: शिंगे वर, ब्रेकचे दांडे आकाशाकडे. जाणकार त्याला हसत. आमच्या मते त्या काळच्या ग्राहकाने दिलेला तो सर्वांत प्रामाणिक अभिप्राय होता. पण बहुसंख्यांनी एवढेही केले नाही. त्यांनी सायकल भिंतीला टांगली आणि मनाशी म्हटले, आपले वय झाले, आपल्याला दम नाही, सायकल हा आपला प्रांत नव्हे. ज्या यंत्रावर मर्क्स जगज्जेता होतो ते यंत्र सदोष कसे असेल?

दोष यंत्राचा की आपला, हा निवाडा माणसे नेहमी अशीच करतात असे नाही. १८६७ ते १८६९ या काळात पॅरिसच्या मिशोंच्या कारखान्यातून पुढच्या चाकाला पेडले लावलेले वाहन निघाले आणि १८६९ साली अमेरिकी शहरांना त्याचे वेड लागले. त्याचे पेटंट पिएर लालमाँ याने १८६६ सालीच अमेरिकेत घेतले होते. लाकडी चाके, त्यांवर लोखंडी धाव, दगडी फरसबंद रस्ते. पेडल मारावे तर हँडल ओढले जाई आणि हँडल धरावे तर पेडल अडे. वर्ष सरता सरता अमेरिकेतले वेड ओसरले. पण इंग्रजांनी त्या वाहनाला ‘बोनशेकर’, म्हणजे हाडे खिळखिळी करणारे, हे नाव देऊन टाकले. नावातच तक्रार आहे, आणि ती वाहनाविरुद्ध आहे. आपली हाडे कमकुवत आहेत असे कुणी म्हटले नाही.

असाच निःसंदिग्ध निवाडा १९८०च्या दशकात स्वीडनमध्ये झाला. व्होल्वोमधल्या अभियंत्यांच्या कल्पनेतून ‘इतेरा’ ही प्लॅस्टिकची सायकल जन्मली. उत्तरेकडच्या विल्हेल्मिना गावी १९८२ साली तिचे उत्पादन सुरू झाले. सांगाडा, चाके, हँडल, सगळे साच्यातून ओतलेले. गंजण्याचे नाव नको. ती सुटे भाग भरलेल्या खोक्यात मिळे आणि मालकाने घरी जोडायची असे. पण काचतंतू मिसळलेले प्लॅस्टिक पोलादाच्या मानाने कितीतरी कमी ताठ असते. पायाचा जोर चाकापर्यंत पोचण्याऐवजी सांगाडा वाकवण्यातच खर्ची पडे. उभे राहून पेडल मारले तर हँडल हातात लवे. वजनातही लाभ नव्हता. लोक हसले, आणि १९८५ साली कारखाना थांबला. तोवर तीसेक हजार सायकली निघाल्या होत्या. स्वीडिश ग्राहकाने त्यापायी स्वतःला दुबळे ठरवले नाही, कारण इतेरावर कुणी शर्यत जिंकलेली नव्हती.

इंग्लंडातल्या रॅली कंपनीची ‘चॉपर’ आणखी निराळी. पुढचे चाक लहान, मागचे मोठे, उंच हँडल, लांब सीट. चालवायला जड आणि वेगात डगमगणारी. तरीही १९७०च्या दशकातली मुले तिच्यावर जीव टाकत, आणि २०२३ साली कंपनीने तिची हुबेहूब आवृत्ती काढली तेव्हा ती पन्नाशी-साठीच्या गृहस्थांनी घेतली. चॉपरने लांब पल्ल्याचे वचन कधी दिलेच नव्हते. मित्रांपुढे मिरवायचे तेवढे तिने मिरवू दिले.

भिंतीला टांगून राहिलेल्या त्या पिढीला उत्तर मिळायला काही वर्षे गेली. १९८१ साली कॅलिफोर्नियातल्या स्पेशलाइझ्ड कंपनीने ‘स्टंपजंपर’ ही डोंगरी सायकल मोठ्या प्रमाणावर विक्रीला आणली आणि मग इतरांनीही तिचे अनुकरण केले. हँडल सरळ, टायर जाड, ब्रेक बोटांशी, आणि चढ चढवील इतका हलका गिअर. दशक संपता संपता अमेरिकी दुकाने अशा सायकलींनी भरून गेली. घेणाऱ्यांतल्या बहुतेकांनी ती कधी डोंगरावर नेली नाही. ती बसायला बरी होती, म्हणून घेतली.

आणि टांगलेल्या दहा गिअरवाल्या? त्यांतल्या पुष्कळ २००० नंतर अमेरिकी शहरांतल्या तरुणांनी कवडीमोलाने उचलल्या. सांगाडा उत्तम होता आणि वापरलेला नव्हता. त्यांनी पोलादी चाके काढून ॲल्युमिनियमची बसवली, आत्मघातकी दांडे फेकून दिले, दोन्ही गिअरदांडे आणि मागचे यंत्र काढले, आणि एकाच गिअरवर त्या सायकली रोज कामाला नेऊ लागले. त्यांचे टायर आता झिजतात.