फायटर माशाच्या प्रजननासाठी टाकी केवढी असावी?
बेटा अर्थात फायटर हा मूळचा थायलंडकडील मासा. हवेतूनही श्वास घेत असल्याने तो बरणीत जगतो. प्रजननासाठी मात्र बरणी अपुरी पडते. नराच्या हल्ल्यातून निसटण्यास मादीला जागा व लपण्यास पाणवनस्पती हव्यात. त्यासाठी ६० बाय ३० सेंटिमीटर तळाची टाकी योग्य ठरते. पाणी १५ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे २७ लिटरच भरावे. बुडबुड्यांच्या घरट्यातून गळणारी अंडी नर तोंडाने उचलून वर ठेवतो. उथळ पाण्यात ते सोपे जाते. तापमान २६ ते २८ अंश सेल्सिअस राखावे. पातूर परिसरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि उथळ पाणी लवकर तापते. त्यामुळे भर उन्हाळ्यात प्रजनन टाळावे. अंडी घातल्यावर मादीला, तर पिल्ले पोहू लागताच नरालाही वेगळे करावे.