आधी पाहणं, मग काढणं

मंडळी, आपल्या अमरावती-अकोल्याकडे पोटात जळजळलं की आपण म्हणतो, पित्त झालं. ओवा खातो, सोडा पितो, गोळी घेतो आणि विसरतो. अकोल्याचे आमचे मोठे काका असेच विसरत राहिले. अन्न जाईना, तेव्हा त्यांना मेलनं मुंबईला नेलं. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवलं. गाठ लहान होती तेव्हा ती कुणाला का दिसली नाही, हा प्रश्न आम्हाला तेव्हापासून सोडत नाही.

इतिहास पाहू. १८८१ मध्ये व्हिएन्नात बिलरोथनं जठराचा कर्करोग झालेला भाग कापून काढला आणि बाई त्या शस्त्रक्रियेतून वाचली. म्हणजे कापणं जमलं होतं. पाहणं मागं राहिलं. १८६८ मध्ये कुसमाउलनं तलवार गिळणाऱ्याच्या पोटात सरळ नळी घातली खरी, पण उजेड पुरेना. १९५४ मध्ये हॉपकिन्स आणि आपले नरिंदरसिंग कपानी यांनी काचतंतूंच्या जुडीतून चित्र नेऊन दाखवलं. १९५७ मध्ये हिर्शोविट्झनं त्याच तत्त्वावरची लवचीक दुर्बीण लोकांपुढे आणली.

जपानात हा कर्करोग फार. तिथल्या तज्ज्ञांनी १९६२ मध्ये वरच्या थरांतच असलेल्या कर्करोगाला 'सुरुवातीचा' म्हणायचं ठरवलं. तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर आजार दुखण्याआधीच 'असतो', हे मान्य झालं.

मग काढायची युक्ती. भाकर फुगली की वरचा पापुद्रा सुटा होतो ना? तसंच. गाठीखाली सुईनं द्रव सोडायचा, थर वर उचलायचा आणि तारेच्या फासात धरून विजेनं कापायचा. हे १९८० च्या दशकात जमलं. पुढच्या दशकात टोकाला सिरॅमिकचा मणी लावलेली सुरी आली. मोठा थरही अखंड निघू लागला. साधारण दोन सेंटिमीटरपर्यंतची, वरच्या थरातली, व्रण नसलेली गाठ यासाठी उत्तम. रक्तस्राव होऊ शकतो, जठराला भोक पडू शकतं. काढलेला तुकडा तपासल्यावर मुळं खोल दिसली, तर मोठी शस्त्रक्रियाही लागते.

आज दुर्बिणीची तपासणी अकोल्यातही होते, अमरावतीतही. अडतं ते 'पित्त' या शब्दापाशी. उतारवयात नव्यानं जळजळ सुरू झाली, वजन उतरलं, घास अडकला, शौच डांबरासारखी काळी झाली, तर ओव्यावर थांबू नका. आमच्या काकांना ही संधी नव्हती. आपल्याला आहे.