तीन टेबलं आणि एक खाडी

भिवंडी म्हटलं की लोकांना काय आठवतं? यंत्रमागांचा खडखडाट, मैलोन्मैल गोदामं, कंटेनरच्या रांगा आणि खड्डे. ऑफिसात नवीन कुणाला सांगितलं की मी भिवंडीचा, तर पुढचा प्रश्न ठरलेला: "आज ट्रॅफिक किती होता?" समुद्र मात्र कुणाच्याच डोक्यात येत नाही. खुद्द भिवंडीकराच्याही नाही. आणि गंमत अशी की इतिहासात या गावाचं नाव ज्या कामामुळे घेतलं जातं, ते काम समुद्राचंच आहे.

शाळाकॉलेजांतून हल्ली हवामानबदल, महासागर, पर्यावरण असं बरंच काही शिकवतात. तरी भिवंडीच्या पोराला यातलं काहीच 'आपलं' का वाटत नाही, हा प्रश्न गेले काही दिवस माझ्या डोक्यात घोळतोय. उत्तर शोधता शोधता दोन शनिवार-रविवार इतिहासात गेले. हा लेख म्हणजे त्याचाच हिशेब.

आधी भूगोल. उल्हास नदी बोरघाटाच्या बाजूने उतरते, कर्जत-बदलापूर करत कल्याणला येते आणि ठाण्याजवळून वायव्येला वळून वसईच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. भिवंडी या खाडीच्या उत्तरेला. गावातून वाहणारी कामवारी याच खाडीत जाते. ठाण्याहून येताना कशेळीच्या पुलावरून खाली दिसतं ते पाणी नदीचं कमी आणि समुद्राचं जास्त असतं. दिवसातून दोनदा ते चढतं आणि दोनदा उतरतं. पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास अडकूनही हे कुणाच्या लक्षात येत नाही, ही गोष्ट वेगळी!

या पाण्यामुळेच शेजारचं कल्याण हे फार जुनं बंदर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी मार्गदर्शिकेत 'कॅलिएना' म्हणून त्याचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांत कल्याणचे लोक आहेत, हे तिथल्या शिलालेखांत कोरलेलं आहे. पुढे कागदोपत्री 'कल्याण-भिवंडी' अशी जोडीच झाली.

मग येतं साल १६५७. शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून कल्याण-भिवंडी घेतली आणि इथेच मराठी आरमाराची सुरुवात झाली. १६५९ च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात शहाजीचा मुलगा भिवंडी, कल्याण, पनवेल भागात लढाऊ जहाजं बांधतोय अशी चिंता आहे. चिंता साहजिकच होती. वसई पोर्तुगीजांकडे, ठाणं पोर्तुगीजांकडे, म्हणजे खाडीचं तोंड त्यांच्या ताब्यात. भिवंडीत बांधलेलं गलबत समुद्रात न्यायचं तर त्यांच्या नाकासमोरून न्यावं लागणार. आणि जहाजं बांधायला कारागीर कुठले, तर रुई लैताव व्हिएगस आणि त्याच्या हाताखालची पोर्तुगीजांकडचीच माणसं! पुढे ही माणसं दबावाखाली काम सोडून गेली, पण आरमार थांबलं नाही.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ५ जूनला, म्हणजे पर्यावरण दिनाला, आज्ञापत्रातला झाडांबद्दलचा मजकूर सगळीकडे फिरतो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेला हा राजनीतीचा ग्रंथ. त्यातल्या मजकुराचा आशय असा: सागाची लाकडं परवानगीने तोडून आणावी, पण रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती पोटच्या पोरांसारखी वाढवलेली असतात. पोस्टरवर हे सगळं येतं. येत नाही ते एवढंच, की हा मजकूर आरमाराच्या प्रकरणातला आहे! जहाजाला लाकूड लागतं, लाकडाला जंगल लागतं, आणि जंगल वाढायला एका राजवटीपेक्षा जास्त काळ लागू शकतो. म्हणजे समुद्र, जंगल आणि रयत यांचा एकत्र विचार तीनशे वर्षांपूर्वीच झाला होता. आपण मात्र त्याचं झाडं लावण्याचं सुभाषित करून टाकलं.

मग हे बंदर गेलं कुठे? एका रात्रीत काही गेलं नाही. गाळ साचत गेला, जहाजं मोठी होत गेली, व्यापार मुंबईच्या खोल बंदराकडे सरकला. १८५४ मध्ये रेल्वे ठाण्याहून कल्याणला पोचली आणि माल खाडीतून नेण्याची गरज कमी झाली. भिवंडीत उत्तरेकडून विणकर येऊन वसले, हातमागाचे यंत्रमाग झाले. अलीकडच्या काही दशकांत भातशेतीवर गोदामं आली. तुम्ही मोबाईलवर मागवलेली वस्तू बहुतेक इथल्याच एखाद्या गोदामातून सुटते. गावाने खाडीकडे पाठ केली. उरला तो खाडीचा एकच उपयोग, सांडपाणी सोडायचा.

पण पाण्याशी नातं तुटायच्या आधी इथल्या लोकांना भरपूर ज्ञान होतं, आणि तेही पुस्तकाशिवाय. माझे आजोबा खाडीकाठच्या शेतीला 'खार' म्हणायचे. बांध घालून भरतीचं पाणी अडवायचं, दोन-चार पावसाळे जमिनीतलं मीठ धुऊन जाऊ द्यायचं, मग भात लावायचा. बांध फुटला तर शेत परत खारं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, हे शेतकऱ्याला आणि कोळ्याला तोंडपाठ. भरतीच्या वेळेचा तर चक्क अल्गोरिदम आहे! तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. खरी भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते आणि या सूत्राने पंचेचाळीस मिनिटं येतात. घड्याळ नसलेल्या माणसाच्या दृष्टीने हे अचूकच की! आजोबा चौथी पास. मी इंजिनिअर, आणि हे सूत्र मला वयाच्या पंचविशीनंतर कळलं, तेही त्यांच्या एका मित्राकडून.

आता शिक्षणाकडे येऊ. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेनंतर पर्यावरण हा जगभर सरकारी विषय झाला. १९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीने आपल्याकडे पर्यावरणाचं रक्षण हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य ठरलं. १९७७ मध्ये जॉर्जियातल्या तिबिलिसी शहरात युनेस्कोची परिषद झाली. तिथे ठरलेलं तत्त्व थोडक्यात असं: पर्यावरण हा वेगळा कप्पा नाही, तो सगळ्या विषयांतून आणि आपल्या परिसरातल्या प्रश्नांपासून सुरू करून शिकवावा.

पण ठराव होणं वेगळं आणि वर्गात उतरणं वेगळं. आपल्याकडे ते काम न्यायालयाला करावं लागलं. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. सिनेमागृहांत पर्यावरणाच्या स्लाइड दाखवा, रेडिओ-दूरदर्शनवर कार्यक्रम करा, आणि शाळाकॉलेजांत पर्यावरण सक्तीने शिकवा. राज्यांनी काय केलं? जे नेहमी करतात तेच: दिरंगाई. मेहता परत न्यायालयात. डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाने एनसीईआरटीला सर्व इयत्तांसाठी नमुना अभ्यासक्रम करायला सांगितलं. त्याच सुमाराला विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सगळ्या शाखांना सहा महिन्यांचा पर्यावरणाचा कोर्स लावला. त्याचं पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. इराक भरुचांनी लिहिलं. बीकॉम असो की इंजिनिअरिंग, सुटका नाही.

नंतर २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने परत तिबिलिसीचाच सूर लावला, की हे सगळ्या विषयांत मिसळा. म्हणजे एकीकडे 'मिसळा' आणि एकीकडे 'वेगळा विषय करा'. आपल्या बोर्डाने नववीपासून वेगळा विषय केला. पुढे २०२० च्या सुमाराला नववीला 'जलसुरक्षा' हा विषय आला. वेगळ्या विषयाचं जे व्हायचं तेच माझ्या बॅचला झालं. ग्रेडपुरता अभ्यास, आदल्या वर्षीच्या मुलांची प्रकल्पवही, शेवटच्या पानावर 'झाडे लावा'. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला परत तोच विषय, परत तेच ओझोनचं चित्र.

डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर आपल्या शाळेत तीन टेबलं आहेत. इतिहासाच्या टेबलात आरमार आहे. भूगोलाच्या टेबलात उल्हास नदी, खाडी, भरती-ओहोटी आहे. पर्यावरणाच्या टेबलात प्रदूषण आणि हवामानबदल आहे. तिन्हींत भिवंडीच्या त्याच खाडीची नोंद आहे, पण तिन्हींना जोडणारी 'की' कुणी टाकलेलीच नाही. मग क्वेरी मारली की उत्तर येतं शून्य ओळी.

हे उगाच बोलत नाही. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत भाच्याने सागरी प्रदूषणावर प्रकल्प केला. नेटवरून काढलेला व्हेल मासा, पोटात प्लास्टिक, खाली पॅसिफिक महासागराचा नकाशा. अक्षर सुंदर. मी विचारलं, "आपल्या नाल्याचं पाणी कुठे जातं रे?" तो म्हणाला, "मामा, ते गटारात जातं." बरोबरच होतं त्याचं. गटार कामवारीला, कामवारी खाडीला आणि खाडी अरबी समुद्राला मिळते हे त्याला कुठल्या पुस्तकाने जोडून सांगितलंय?

आणि हे न कळण्याची किंमत आहे, मार्कांपलीकडची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दुपारी भरतीही होती. भरतीच्या वेळी खाडीची पातळी वर असते, मग नाल्या-नद्यांचं पाणी जाणार कुठे? ते मागे तुंबतं. भिवंडीत कामवारीच्या काठची सखल वस्ती, तीन बत्तीचा बाजार यांत पावसाळ्यात पाणी शिरतं त्यामागेही हे गणित आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या लाटा आहेत. शिवाय जगातली समुद्राची सरासरी पातळी १९०१ ते २०१८ या काळात वीस सेंटिमीटरने वाढली. म्हणजे वरून पाऊस जोरात आणि खालून खाडी वर. यंत्रमागाच्या कारखान्यात पाणी शिरलं की मालकाचं सूत जातं, कामगाराची आठवड्याची मजुरी जाते आणि पोराचं दप्तर भिजतं. हवामानबदल त्या पोराच्या घरात घुसलाय, तो त्याला पॅसिफिकमध्ये शोधायला लावतात.

सगळं निराशाजनक आहे असं नाही. १९५१ पासून तारापोरवाला मत्स्यालयाने कित्येक पिढ्यांना समुद्र दाखवला, काचेमागचा का होईना. २०१२ मध्ये राज्याने कांदळवन कक्ष स्थापन केला, २०१७ मध्ये ऐरोलीला सागरी जैवविविधता केंद्र उघडलं. ठाण्याची खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसरच्या यादीत गेली. भिवंडीहून शाळेची सहल तिथे सहज जाऊ शकते. पण मला वाटतं सुरुवात ऐरोलीहून नको, घराजवळून हवी.

खर्च जवळजवळ शून्य. काठावर एका सुरक्षित जागी खुणा केलेला बांबू रोवायचा. शिक्षकांबरोबर मुलांनी महिनाभर भरतीची वेळ आणि उंची लिहायची. मुंबईच्या भरतीची वेळ वर्तमानपत्रात येते. खाडीत इतक्या आत यायला पाण्याला किती उशीर लागतो ते वजाबाकी करून काढायचं. आजोबांचं पाऊणचं सूत्र तपासायचं. पावसाळ्यात त्याशेजारी पावसाचा आकडा लिहायचा. मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू, माध्यम कुठलंही असो, बांबूवरच्या खुणा सगळ्यांना सारख्याच वाचता येतात. आणि सहावीतला एखादा पोरगा विचारेल, "सर, याच पाण्यातून महाराजांची गलबतं गेली का?" तेव्हा इतिहासाच्या सरांनाही काठावर यावं लागेल. झालं की जॉइन!

असो. उद्या सोमवार, परत कशेळीचा पूल आहेच. तुम्ही भिवंडीचे नसाल तरी एक करून बघा. घरातल्या शाळकरी पोराला विचारा, आपल्या मोरीतलं पाणी शेवटी कुठल्या समुद्राला जातं आणि वाटेत कुठली कुठली गावं लागतात. उत्तर येईलच असं नाही, पण मग दोघांनी मिळून नकाशा काढायला रविवार बरा पडतो.