अहिराणी गाणी : घरगुती ध्वनिमुद्रण आणि बँड

जळगाव, धुळे, नंदुरबार आणि नाशिक जिल्ह्यातील बागलाण-मालेगावकडच्या पट्ट्यात स्थानिक कलावंतांनी मोठ्या कंपनीविना, घरातल्या खोलीत किंवा गावच्या छोट्या स्टुडिओत मुद्रित केलेली गाणी. बोरीकाठचे अमळनेर याच पट्ट्यात येते. 2011च्या जनगणनेत अहिराणी ज्यात मोडते त्या खान्देशी गटातील मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या सुमारे 18 लाख 60 हजार होती; इतका श्रोतृवर्ग घरचाच असल्याने ही गाणी मुंबई-पुण्याच्या बाजारावर अवलंबून राहिली नाहीत. अहिराणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद येथे घेतलेला नाही.

पूर्वपीठिका. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग (1907) भिल्ली बोलींबरोबर खान्देशीचीही नोंद घेतो. गाण्यांचा मूळ साठा मात्र बायांच्या तोंडी आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही देवी बसते. नारळाला मुखवटा व दागिने चढवून तिची स्थापना होते, घरोघर रोट होतात, रात्रभर गाणी चालतात आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन होते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरवाशिणी गौराईची आणि झोक्यावरची गाणी म्हणतात. हळदीच्या गाण्यात नवरदेव-नवरीची, मामा-मावशीची नावे जागच्या जागी गुंफली जातात, त्यामुळे एकच गाणे दर घरी वेगळे होते. मुद्रणात ही नावे गळतात आणि रात्रभराचा ऐवज चार-पाच मिनिटांत बसवावा लागतो. प्रस्तुत विषयातला हा सर्वांत मोठा बदल मानावा लागेल; वाद्ये बदलली, हे त्यापुढे गौण आहे.

कानाने ऐकून जपण्याची रीत या भागात यंत्राच्या आधीपासून आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि आप्तांनी ऐकून कागदावर उतरवली, म्हणून 1952 साली ती छापता आली. (त्यांच्या बोलीला बहुतेक अभ्यासक लेवा गणबोली म्हणतात.) अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात 1924 ते 1930 शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी पुढे ‘स्त्री जीवन’मध्ये बायांच्या ओव्या संग्रहित केल्या.

कॅसेट व नंतर. 1980च्या दशकात स्वस्त कॅसेटने ग्रामोफोन कंपनीची मक्तेदारी देशभर मोडली; पीटर मॅन्युएल यांचा 1993चा ग्रंथ उत्तर भारताच्या संदर्भात हे तपशिलाने दाखवतो. खान्देशातही देवीची गाणी, लोकनाट्यातली गाणी कॅसेटवर आणि मग व्हीसीडीवर आली. 2016नंतर मोबाइलचा डेटा स्वस्त झाला आणि विक्रेत्याची गरजच उरली नाही. गायक-निर्माते स्वतःच्या यूट्यूब वाहिनीवर गाणे चढवू लागले. अण्णा सुरवाडे यांच्या आवाजातले ‘बबल्या इकस केसावर फुगे’ आणि भैय्या मोरे यांचे ‘हाय झुमका वाली पोर’ खान्देशाबाहेर, अहिराणी न कळणाऱ्यांच्या लग्नातही वाजले. सचिन कुमावत व विनोद कुमावत ही या वळणाची परिचित नावे. गाण्यांच्या वाङ्मयीन दर्जाबद्दल मतभेद आहेत. पण शिकलेली पोरे शहरात ज्या बोलीत बोलायला कचरत होती, ती बोली त्यांनी स्पीकरवर मोठ्याने लावली, हे मोल थोडे नाही.

बँड. लग्नाचा बँड हा या गाण्यांचा दुसरा प्रकाशकच. कॅसिओ, ऑक्टोपॅड, माइकवर गायक आणि भोंगे गाडीवर चढवून वरात निघते. नवे गाणे बँडने उचलले की ते चालले, असे मानतात. उलट वरातीत लोकांनी पुन्हा पुन्हा मागितलेली चालही नंतर मुद्रित होते.

हक्क. पारंपरिक चालीवर कोणाचीच मालकी नाही. ध्वनिमुद्रणावर मात्र प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून 60 वर्षे हक्क राहतो. चाल ज्या बायांकडून आली, त्यांचा उल्लेख गाण्याखाली ‘पारंपरिक’ या एका शब्दात होतो. त्यांच्या गावाचे नाव तरी तेथे यायला हवे.

नृत्य. या गाण्यांवर हळद व वरातीत सामूहिक नाच होतो.