हजरत ईसांच्या जन्माचा हंगाम

डिसेंबरात आमच्या गोंदियाकडे धानाचे पुंजणे रचलेले असतात आणि सकाळच्या वर्गात मुले स्वेटर घालूनही कुडकुडतात. अशाच एका सकाळी सूरह मरियमचा तर्जुमा वाचलेल्या मुलीने मला विचारले, "सर, नाताळ तर थंडीत येतो. मग बीबी मरियमना ताजी खजुरे कुठून मिळाली?"

प्रश्न बिनतोड होता. बाळंतवेणा बीबी मरियमना खजुराच्या खोडाशी घेऊन आल्या. ते खोड हलव, पिकलेली ताजी खजुरे तुझ्यावर पडतील, असे त्यांना सांगण्यात आले, हे कुरआनातले वर्णन आपण सारे जाणतो. आमच्याकडची शिंदी मे-जूनमध्येच पिकते. पॅलेस्टाइनकडच्या खजुराचा हंगाम मात्र उन्हाळा सरताना, ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास असतो. लूकच्या इंजिलातही त्या रात्री मेंढपाळ रानात कळप राखत होते, असे आहे. बेथलेहेम साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर; तिथे डिसेंबर-जानेवारी म्हणजे पाऊस आणि गारठा. म्हणून अनेक अभ्यासक डिसेंबर नाकारतात.

एवढ्यावर 'जन्म उन्हाळ्यातलाच' असे ठोकून देणे सोपे होते. खरे सांगायचे तर मोहही झाला. पण घरी तफसीर उघडली आणि थबकलो. काही मुफस्सिरांच्या मते ते खोड वाळलेले होते, दिवस हिवाळ्याचे होते आणि अशा खोडाला खजुरे लागणे हाच मुअजिजा होता. तसे असेल तर खजुरावरून महिना काढता येत नाही! मेंढ्यांचेही तेच, त्या भागात काही कळप बारा महिने बाहेर राहत असावेत, असे म्हणणारेही आहेत.

मग २५ डिसेंबर आला कुठून? इंजिलांत तारीखच नाही. इ. स. २००च्या सुमारास अलेक्झांड्रियाचे क्लेमेंट लिहितात की काही लोक २० मेच्या सुमाराची तारीख मानतात. २५ डिसेंबरची ठळक नोंद रोममधल्या इ. स. ३५४च्या पंचांगात सापडते. रोमन सूर्योत्सवावरून ती घेतली, असे काही म्हणतात. २५ मार्चला गर्भधारणा धरून नऊ महिने मोजले, असे दुसरे म्हणतात. आर्मेनियन चर्च तर आजही ६ जानेवारी पाळते.

आपल्या महाराष्ट्राला यात नवल वाटू नये. शिवाजी महाराज जेमतेम चारशे वर्षांपूर्वीचे. तरी त्यांचा जन्म १६२७चा वैशाख की १६३०चा फाल्गुन, यावर किती शाई खर्ची पडली! १९१६मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध झाली, तेव्हा फाल्गुनाची बाजू बळकट झाली. शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली ती २००१मध्ये. तिथे निदान शकावली होती. हजरत ईसांच्या बाबतीत तसा कागद नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला दोन्ही बाजू सांगितल्या. माझा कल उन्हाळ्याच्या अखेरीकडे आहे, हेही सांगितले. पण तो कल आहे, पुरावा नव्हे. आणि शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाला नाताळची मुबारकबाद देताना खजुराचा हिशेब काढू नकोस, असेही बजावले.